घरचा चहा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या उत्तरांत कप म्हणजे १५० मिलिलिटरचा आणि चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा, सपाट भरलेला. घरातल्या चमच्यांचे आकार फार फसवे असतात. औषधाच्या बाटलीसोबत येणाऱ्या मापाने आपला रोजचा चमचा एकदा मोजून घ्या; बऱ्याच घरांतला ‘चहाचा चमचा’ प्रत्यक्षात ७-८ मिलिलिटरचा निघतो.

दोन कप दुधाच्या चहाचं नेमकं प्रमाण किती?

पाणी २०० मिलिलिटर, दूध १५० मिलिलिटर, चहा पावडर ५ ग्रॅम (दोन चमचे, किंचित शिगेचे), साखर ३ ते ४ चमचे, आलं ५ ग्रॅम, म्हणजे अंगठ्याच्या पेराच्या निम्म्याहून थोडं कमी.

बेरीज ३५० होते आणि हातात ३०० येतात, कारण ३०-३५ मिलिलिटर वाफेवर जातं आणि १५-२० मिलिलिटर चोथा पिऊन टाकतो. कपाने मोजून दोनच कप पाणी-दूध टाकलं की दुसरा कप हमखास अर्धा भरतो. मग वरून दूध ओतलं जातं आणि चहा दुधाळ होतो. आधीच वाढवून घ्या.

क्रम नेमका कसा ठेवायचा?

पाण्यात ठेचलेलं आलं आणि साखर घालून पातेलं मोठ्या आचेवर ठेवा. आधण खळखळून आल्यावर आणखी एक मिनिट उकळू द्या. तेवढ्या वेळात आल्याचा अर्क पाण्यात उतरतो. दुसरं एक महत्त्वाचं कामही होतं, ते आल्याच्या प्रश्नात सांगितलं आहे.

आता पावडर टाका आणि आच मध्यम करा. पहिल्या काही सेकंदांत दाणे वर तरंगतात आणि त्यांच्याभोवती फिकट तांबूस फेस जमतो. मिनिटभरात दाणे फुगतात, जड होतात आणि उकळीबरोबर तळापासून वर गिरक्या घ्यायला लागतात. फेस विरून पाणी विटकरी दिसू लागतं. वासही बदलतो: आधी ओल्या पानासारखा येतो, मग भाजलेल्या साखरेकडे झुकतो. ही खूण दीड ते दोन मिनिटांत येते. पावडर बारीक असेल तर एका मिनिटातच.

त्यानंतर दूध, तेही गरम. शेजारच्या शेगडीवर तापवलेलं असलं तर उत्तम. चहा वर चढू लागला की आच कमी करा, खाली बसू द्या, पुन्हा एकदा चढू द्या. दोन चढ पुरेत. गॅस बंद करून झाकण ठेवा, एक मिनिट मुरू द्या, मग गाळा.

फ्रिजमधलं दूध थेट ओतलं तर उकळी मोडते. ती परत यायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ पावडर गरम पाण्यात नुसती पडून राहते. ‘आज चहा कडू का झाला’ या तक्रारीमागे पावडरीपेक्षा हे थंड दूधच जास्त वेळा असतं.

चहा कडक हवा, पण कडू नको. हे कसं जमवायचं?

पावडर वाढवा, वेळ वाढवू नका. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं: पावडर काटकसरीने टाकतात आणि रंग येईपर्यंत उकळत ठेवतात.

पानातून सगळे घटक एकाच वेगाने उतरत नाहीत. सुगंध आणि तरतरी देणारं कॅफीन पहिल्या दोन-तीन मिनिटांत बऱ्यापैकी उतरलेलं असतं. चहाला चमकदार तांबूसपणा आणि जिभेवर जाणवणारी धार देणारे घटक (थिआफ्लेविन) आणि गडद रंग व भरीवपणा देणारे घटक (थिआरुबिजिन) त्याच्या मागोमाग येतात. पुढे उकळत राहिलं की जीभ कोरडी करणारा तुरटपणा वाढतो आणि सुगंध वाफेबरोबर स्वयंपाकघरभर होतो. घरात चहाचा सुंदर वास दरवळतोय, याचा अर्थ तो कपातून निघून चाललाय.

म्हणून रंगावरून चव ठरवू नका. गडद आणि बेचव चहा सहज करता येतो. गाड्यांवर कुठे कुठे चिमूटभर खाण्याचा सोडा टाकतात, त्याने रंग झटक्यात काळपट चढतो. चव मात्र सपाट आणि साबणासारखी होते. उलट लिंबू पिळलं की तोच चहा क्षणात फिका दिसतो. दोन्ही वेळा बदलते ती आम्लता. पावडर तेवढीच असते.

सीटीसी म्हणजे काय? पाकिटावर लिहिलेलं असतं.

क्रश, टेअर, कर्ल: चिरडणे, फाडणे, वळवणे. सुकवून मऊ केलेलं पान उलट-सुलट वेगाने फिरणाऱ्या दातेरी रुळांमधून काढतात, त्याचा लगदा होतो आणि त्यातून बारीक गोल दाणे तयार होतात. ही यंत्रं १९३० च्या सुमारास आसामात पहिल्यांदा वापरात आली. आज भारतात तयार होणारा बहुतांश चहा याच पद्धतीचा आहे.

पान इतकं फाटलेलं असल्याने दाण्यातला रस पाण्यात पटकन उतरतो, किलोमागे कप जास्त निघतात आणि दूध-साखर घालूनही चव दबत नाही. आपल्या पद्धतीच्या चहाला सीटीसीच हवा. याउलट ‘ऑर्थोडॉक्स’ चहात पान वळवतात पण फारसं फाडत नाहीत. तो नाजूक असतो, बिनदुधाचा प्यायचा. महाग ऑर्थोडॉक्स पान आणून ते आलं-दुधात उकळणं म्हणजे पैठणीचं पायपुसणं करणं.

काळा, हिरवा, ऊलाँग, पांढरा हे सगळे एकाच झुडपाच्या पानांपासून होतात. खुडल्यावर पानाला हवेशी किती काळ रापू द्यायचं यावर प्रकार ठरतो. हिरव्या चहात वाफ किंवा कोरडी उष्णता देऊन ते रापणं लगेच थांबवतात, काळ्यात पूर्ण होऊ देतात, ऊलाँग मधला.

दुकानात ममरी, बारीक दाणा, डस्ट असं विचारतात. घ्यायचं काय?

ही नावं दाण्याच्या आकाराची आहेत. ममरी म्हणजे मोठा गोल दाणा. हळू उतरतो, चव गोलसर, रंग मध्यम. बारीक दाणा त्याच्या खालचा. डस्ट म्हणजे भुकटी: एका मिनिटात दणदणीत रंग, पण उकळीत दुर्लक्ष झालं की तितक्याच वेगाने कडवट. डस्ट म्हणजे झाडून गोळा केलेला कचरा, हा समज चुकीचा आहे. ती चाळणीतून शेवटी उतरणारी रीतसर प्रत आहे आणि चांगल्या मळ्याची डस्ट सुमार मळ्याच्या ममरीपेक्षा महाग विकली जाते.

सुटा चहा विकणारे दुकानदार ‘मिक्स’ बनवून देतात, त्यात शहाणपण आहे. तीन भाग ममरी आणि एक भाग डस्ट घेतली तर स्वाद ममरीचा आणि रंग डस्टचा मिळतो. पहिल्यांदा १००-१०० ग्रॅम वेगवेगळं आणून घरी मिसळून बघा. घरच्या पाण्याला आणि दुधाला काय जुळतं ते दुकानदाराला माहीत नसतं.

आसाम, दार्जिलिंग, निलगिरी यांत फरक काय पडतो?

आसामचा चहा सखल, दमट खोऱ्यातला, रुंद पानाच्या जातीचा. भरीव, माल्टसारखा स्वाद, दुधाला उत्तम. त्यातही मे अखेर ते जून या काळातली खुडणी, ज्याला सेकंड फ्लश म्हणतात, सर्वांत जास्त वाखाणली जाते.

दार्जिलिंग डोंगरउतारावरचा, बारीक पानाच्या चिनी जातीचा. भारतात भौगोलिक मानांकन मिळालेलं हे पहिलं उत्पादन (२००४-०५). मार्च-एप्रिलचा फर्स्ट फ्लश फिकट आणि फुलांच्या वासाचा. मे-जूनच्या सेकंड फ्लशमध्ये ‘मस्कटेल’ म्हणून ओळखला जाणारा, पिकल्या द्राक्षासारखा गंध असतो आणि त्याच्या निर्मितीत तुडतुड्यांचा वाटा आहे. कापसावरचे तुडतुडे आपल्याकडे शेतकऱ्याची झोप उडवतात. तिकडे त्यांनी कोवळं पान चावलं की झुडूप बचावासाठी जे सुगंधी पदार्थ तयार करतं, त्याचेच पैसे मिळतात.

निलगिरीत खुडणी जवळपास वर्षभर चालते. चहा हलका, स्वच्छ चवीचा. थंड झाला तरी सहसा गढूळ होत नाही, त्यामुळे आइस टीसाठी चांगला.

महाराष्ट्रात एवढा पाऊस पडतो, मग चहाचे मळे का नाहीत?

चहाला आम्लधर्मी माती आणि वर्षभर विभागून पडणारा पाऊस लागतो. सह्याद्रीत पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले महिने कोरडे जातात. परसात होतो तो गवती चहा. ते गवत आहे, त्याचा चहाच्या झुडपाशी संबंध नाही आणि त्यात कॅफीन नसतं.

आलं घातलं की चहा फाटतो. दूध तर ताजं होतं.

कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं, झिंजिबेन नावाचं. ते कोमट दुधात गेलं की दुधातल्या केसीन या प्रथिनावर तुटून पडतं. आधी पृष्ठभागावर बारीक रवाळ कण दिसतात, मग कडेला पाणी सुटतं आणि मधे चोथापाणी. हे विकर उकळत्या पाण्यात टिकत नाही, म्हणूनच वर आलं पाण्यात पूर्ण मिनिटभर उकळायला सांगितलं.

फाटायची ठरलेली वेळ म्हणजे पाणी, दूध, आलं सगळं एकदम थंडच पातेल्यात टाकून गॅस लावला तेव्हा. मिश्रण तापत जाताना मधल्या काही मिनिटांत विकराला अगदी हवं तसं तापमान मिळतं. दुसरी वेळ म्हणजे शेवटी वरून आलं किसणं. सुंठ घातली तर हा त्रास बहुधा होत नाही.

आलं न घालताही चहा फाटत असेल तर दूधच आंबटतेच्या कडेला आलेलं आहे. असं दूध नुसतं तापवताना टिकतं, पण चहा स्वतः किंचित आम्ल असल्याने तेवढ्या धक्क्याने नासतं. उन्हाळ्यात संध्याकाळच्या चहाला हे जास्त दिसतं.

आलं किसायचं की ठेचायचं?

ठेचायचं. किसल्याने रस जास्त सुटतो हे खरं, पण तंतू गाळणीत बसतात आणि चहा कपात उतरायचं नाव घेत नाही. पावसाळ्यात येणारं कोवळं, पातळ सालीचं आलं पाणचट असतं. ते दीडपट घ्या. उन्हाळ्यातलं जुनं, रेषाळ आलं तिखट, त्याला हात आखडता.

वेलची, गवती चहा, मसाला कधी घालायचा?

नियम सोपा: जाडजूड ते आधी, सुवासिक ते शेवटी. गवती चहाची दोन-तीन पानं गाठ मारून आल्याबरोबर पाण्यात. तुळशीची पानं आणि पुदिना दुधाच्या थोडं आधी. वेलची ठेचून दुसऱ्या चढाला, जायफळ गॅस बंद केल्यावर खिसणीवर दोनदा ओढून. वेलची पहिल्यापासून उकळली तर तिचा सुगंध उडतो आणि सालीचा कडसरपणा तेवढा राहतो.

गवती चहा आणि वेलची एकत्र घालू नयेत असं आमचं मत आहे. दोघांचं भांडण होतं आणि कपात कोणीच जिंकत नाही. तयार चहा मसाल्यात मिरी-लवंग जास्त असते, तो दोन कपांना पाव चमचा पुरे.

गुळाचा चहा दर वेळी नासतो.

गूळ थोडा आम्लधर्मी असतो आणि त्यात क्षारही असतात. उकळत्या दुधात तो पडला की दूध फाटतं. फिकट पिवळ्या, रसायनाने उजळवलेल्या गुळाने जास्तच.

दोन वाटा आहेत. सोपी वाट: बिनसाखरेचा चहा करून गाळा, दोन मिनिटं थांबा, मग कपात किसलेला गूळ घालून ढवळा. दुसरी: गूळ पाण्यातच आल्याबरोबर उकळा, पावडर टाका, गाळून घ्या आणि वेगळं तापवलेलं दूध त्यात ओता, ओतल्यावर पुन्हा गॅसवर चढवू नका. कोल्हापुरी गडद गूळ घेतला तर रंग काळसर येईल, तो चहाचा दोष समजू नका. गोडी साखरेपेक्षा थोडी कमी लागते, म्हणून एका कपाला दोन चमचे गूळ धरा.

साखर आधी घालायची की नंतर?

पाण्यात आधी घातली तर ती नीट विरघळते आणि चहा एकजीव लागतो. चवीत याहून मोठा फरक पडत नाही. घरात एक जण बिनसाखरेचा पिणारा असेल तर वाद नको, कपात घाला.

बोअरच्या पाण्याचा चहा मचूळ लागतो आणि वर तवंग येतो. तो कशाचा?

तेलाचा नाही. जड पाण्यातले कॅल्शियमचे क्षार आणि चहातले पॉलिफेनॉल (तुरट घटक) हवेच्या संपर्कात एकत्र येऊन पातळ तपकिरी पापुद्रा धरतात. कोऱ्या चहात तो स्पष्ट दिसतो, हलवला की काचेच्या तुकड्यांसारखा फुटतो आणि कपाच्या कडेला डाग ठेवून जातो. असं पाणी चहाची धारही मारतं: रंग गढूळ, चव मातकट.

धरणाचं किंवा तलावाचं नळपाणी असेल तर ते चहापुरतं वेगळं भरून ठेवा. फिल्टरचं पाणीही चालतं, पण आरओने क्षार अगदीच काढून टाकले असतील तर चहा पोकळ लागतो. मग तीन भाग आरओ आणि एक भाग नळाचं पिण्याचं पाणी मिसळून बघा. कोऱ्या चहाला दोन थेंब लिंबू हा तवंगावरचा झटपट उपाय.

उंचीचाही थोडा परिणाम असतो. महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटरवर, पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. तिथे पावडर टाकल्यावर अर्धा मिनिट जास्त द्या.

दूध कोणतं चांगलं?

म्हशीचं किंवा फुल क्रीम. दुधातलं केसीन चहाच्या तुरट घटकांना धरून ठेवतं आणि स्निग्धांश जिभेवर गोलाई आणतो. टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के, फुल क्रीममध्ये ६ टक्के. टोन्ड वापरायचं असेल तर पाणी-दूध निम्मं-निम्मं करा. उलट म्हशीच्या घट्ट दुधाचा नुसता, बिनपाण्याचा चहा करायचा मोह टाळा. चहा पावडर दुधात नीट उतरत नाही, कारण प्रथिनं रस धरून बसतात. मग पावडर आणखी टाकली जाते आणि शेवटी खिरीसारखं काहीतरी तयार होतं.

अमृततुल्यचा चहा घरी तसा का होत नाही?

राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी पुण्यात रुजवलेल्या या चहात तीन गोष्टी वेगळ्या असतात. पितळी, आतून कल्हई केलेलं पसरट पातेलं आणि भरपूर आच, त्यामुळे पाणी झटकन आटतं. ओगराळ्याने चहा सतत वर उचलून धार सोडणं, त्याने साय धरत नाही आणि चहा दाटसर होतो. तिसरी, साखर. घरात आपण जितकी घालतो त्याच्या दीडपट तरी असते, आणि ‘तशी चव’ म्हणजे बऱ्याच अंशी तीच असते.

घरी जवळ जायचं असेल तर पाणी १५०, दूध २००, साखर ५ चमचे, सुंठ आणि वेलची ताजी कुटलेली, दुधानंतर तीन मिनिटं ओगराळ्याने वर-खाली, आणि गाळणीऐवजी सुती फडकं. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात मात्र चहा करू नका.

इराण्याचा चहा हे वेगळं तंत्र आहे. तिथे चहाचा अर्क मंद आचेवर झाकून वेगळा ठेवतात, दूध वेगळं आटवतात आणि दोन्ही कपातच भेटतात. ‘पानी कम’ म्हणजे त्यातला अर्क कमी, दूध जास्त.

पन्नास जणांना चहा करायचाय.

समारंभात कप १०० मिलिलिटरचा धरतात, म्हणजे ५ लिटर. पाणी ३ लिटर, दूध अडीच लिटर, पावडर ७५ ग्रॅम, साखर २५० ते ३०० ग्रॅम, आलं ६० ग्रॅम. सरळ गुणाकार केला तर पावडर ८३ ग्रॅम येते, पण मोठं पातेलं चढायला आणि उतरायला वेळ घेतं, त्या वेळात पावडर जास्त उतरते. म्हणून कमी.

पावडर मलमलच्या सैल पुरचुंडीत बांधून सोडा आणि दूध घातल्यावर चार मिनिटांनी उचलून घ्या. पुरचुंडी निम्मी रिकामी हवी, पावडर फुगून दुप्पट होते. ही एक युक्ती केली नाही तर पहिल्या पंगतीला चांगला आणि शेवटच्याला काढा मिळतो.

थर्मासमध्ये किंवा पुन्हा गरम करून चालतो का?

थर्मास आधी उकळत्या पाण्याने विसळा, चहा गाळूनच भरा, दोन तासांत संपवा. आलं-वेलचीचा वास झाकणाच्या रबरात राहतो, तो दर वेळी वेगळा काढून धुवा. दूध-साखरेचा चहा ओट्यावर चार-पाच तास पडला असेल तर टाकून द्या. पुन्हा उकळून तो नुसता गरम होतो, ताजा होत नाही.

दार्जिलिंग पानाचा कोरा चहा कसा करायचा?

उकळायचा नाही. २०० मिलिलिटर पाण्याला अडीच ग्रॅम पान (मोठं पान असेल तर तो शिगोशीग चमचा भरतो). पाणी उकळून दोन मिनिटं थांबा, ते ८५-९० अंशांवर येतं. पानावर ओता, झाका, तीन मिनिटांनी पूर्ण गाळून घ्या. पान पाण्यात पडून राहिलं तर दुसरा कप पिववत नाही. सेकंड फ्लशला पाणी थोडं जास्त गरम आणि अर्धा-एक मिनिट अधिक.

चहा तपासणारे मुद्दाम याच्या उलट करतात. त्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ ३१०३ मध्ये, १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा आणि ६ मिनिटं असं माप आहे. दोष उघडे पडावेत म्हणून. आवडीने पिण्यासाठी नाही.

ग्रीन टी इतका कडू का लागतो?

कारण तो आपल्या सवयीने उकळला जातो. पाणी ७५-८० अंश, वेळ दोन मिनिटं, पान २ ग्रॅम. थर्मामीटर नसेल तर उकळतं पाणी एका थंड कपातून दुसऱ्या थंड कपात ओता. प्रत्येक ओतण्याला साधारण ८-१० अंश उतरतात, दोन वेळा ओतलं की काम झालं. त्यात दूध घालू नका.

टी-बॅग दुधात का उतरत नाही?

दुधाच्या प्रश्नात सांगितलेलंच कारण, प्रथिनं रस धरून बसतात. शिवाय पिशवीत हालचालीला जागा नसते. आधी अर्धा कप उकळत्या पाण्यात तीन ते चार मिनिटं बुडवा, काढा, मग गरम दूध. पिशवी चमच्याने दाबून पिळू नका, शेवटचे थेंब सगळ्यांत तुरट असतात.

भेसळ घरी ओळखता येते का?

काही प्रमाणात. टिपकागदावर थोडी पावडर पसरा, पाण्याचे थेंब शिंपडा, थोड्या वेळाने कागद नळाखाली धुऊन उजेडात धरा. शुद्ध चहाचा जेमतेम डाग पडतो. कृत्रिम रंग असेल तर तपकिरी-काळे ठिपके उठून दिसतात. दुसरी चाचणी लोहचुंबकाची. काचेच्या बशीत पावडर पसरून त्यावरून चुंबक फिरवा. एखाद-दुसरा कण लागला तर घाबरू नका, सीटीसीच्या लोखंडी रुळांची झीज चहात येते आणि तिला कायद्याने मर्यादा घातलेली आहे. चुंबकाला मिशा फुटल्या तर मात्र ते पाकीट परत करा.

पावडर किती दिवस टिकते?

हवाबंद स्टीलच्या डब्यात, अंधाऱ्या जागी, उघडल्यापासून दोन महिने उत्तम. चहा शेजारचा वास शोषतो. हिंगाच्या, मसाल्याच्या डब्यांच्या रांगेत तो ठेवू नका आणि फ्रिजमध्ये तर नकोच, बाहेर काढल्यावर डब्यात दव धरतं. ओला चमचा घालणं हे सगळ्यांत वाईट.

दिवसाला किती कप? जेवणानंतर लगेच घेतला तर?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शनात दिवसाला एकूण ३०० मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा सांगितली आहे. १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम असतं. कॉफी आणि कोलाही त्याच हिशेबात धरा. जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा टाळायलाही त्यांनी सांगितलं आहे, कारण टॅनिन अन्नातल्या लोहाला बांधून ठेवतं. हिमोग्लोबिन कमी असलेल्यांनी हे गांभीर्याने घ्यावं. पोहे-चहा एकत्र खाणाऱ्या महाराष्ट्राला हे पटवणं अवघड आहे, याची कल्पना आहे.

परदेशात राहून तसा चहा होत नाही.

पाकीट बघा. तिथल्या सुपरमार्केटमधलं ‘ब्लॅक टी’ पिशवीतून बुडवून प्यायला बनवलेलं असतं. भारतीय दुकानातून सीटीसी आणा. केनियाचा चहाही बहुतांश सीटीसीच असतो आणि दुधाला छान चालतो. दूध ‘होल’ घ्या, तरी ते साडेतीन टक्क्यांच्या आसपासच असतं, म्हणून पाणी १५० आणि दूध २०० करा. लंडनसारख्या जड पाण्याच्या शहरात फिल्टरचा जग वापरा. विजेच्या शेगडीवर आच पटकन कमी होत नाही, त्यामुळे चहा चढला की पातेलंच बाजूला उचला.

चोथ्याचं काय करायचं?

गुलाबाला घाला, पण आधी दोन पाण्यांनी धुऊन. साखर-दूध राहिलं तर कुंडीत मुंग्या आणि बुरशी ठरलेली. धुतलेला चोथा वर पसरू नका, त्याचा थर वाळून टणक होतो आणि पाणी आत जात नाही, मातीत मिसळा. एका कुंडीला आठवड्यात मूठभर पुष्कळ झाला.